चार महिने मासे बंद, कांदा-लसूण बंद आणि ओट्याशी मी

८ जुलै २०२४, सोमवार. मुंबईत रात्रभर नुसता कोसळला होता, मध्य रेल्वे ठप्प, डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या जिन्यापर्यंत पाणी आलेलं. मी खुशीत, कारण ऑफिसला जायचं नव्हतं. साडेनऊला आई दुधाची पिशवी घ्यायला खाली उतरली आणि शेवटच्या दोन पायऱ्यांवरून घसरली. उजवं मनगट. एक्सरे ६०० रुपये, प्लास्टर साडेचार हजार, सहा आठवडे हात गळ्यात. मेडिक्लेमचं विचारलं तर काउंटरवरच्या मुलीने मान हलवली, ॲडमिट नाही ना केलं, ओपीडीला मिळत नाही. (आमची पॉलिसी तशीच होती, घरी येऊन नीट वाचली. तुमचीही एकदा वाचून ठेवा, पडायच्या आधी.)

रिक्षातून घरी येताना मला हाताचं टेन्शन आणि आईला भलतंच. "अरे, पुढच्या बुधवारी आषाढी आहे."

तर मागची गोष्ट अशी. बाबांच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी आईने बोलून ठेवलं होतं की एक पूर्ण चातुर्मास घरात मासे-मटण शिजणार नाही, कांदा-लसूण-वांगंही नाही. फक्त ती एकटी नाही, सगळं घर. आम्ही मालवणकडचे. श्रावण पाळतो पण तो महिनाभर, आणि त्यातही शेवटच्या आठवड्यात बाबा कॅलेंडरकडे बघत बसतात. दोन वर्षं काही ना काही होऊन नवस राहून गेला होता, यंदा नक्की करायचा असं ठरलेलं. आणि आता रांधणारा हातच प्लास्टरमध्ये. मी म्हटलं पुढच्या वर्षी कर, देव काय पळून जातोय. ती काही बोलली नाही, नुसती बघत राहिली, आणि मी म्हटलं बरं, मी करतो.

मला तेव्हा येत होतं काय? चहा, अंडा बुर्जी, कुकर लावणं आणि बांगडे तळणं. यातल्या दोन गोष्टी बाद. बायको बँकेत, सव्वाआठला घर सोडते ते साडेसातला परत. माझं आठवड्यातून तीन दिवस वर्क फ्रॉम होम. लेक चौथीत, तिचा डबा. म्हणजे ओट्याशी मीच, रात्रीची आवराआवर बायकोची. पोळ्यांचा नाद पहिल्याच दिवशी सोडला, कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रात ९ रुपयांना एक, रोज सोळा लावून टाकल्या. कुणी हसलं तर हसू दे. नवीन माणसाने सगळंच एकदम अंगावर घेऊ नये, पोळी शिकायला बसलो असतो तर पहिल्या आठवड्यातच हॉटेलला फोन गेला असता.

१५ जुलैला कांदेनवमी. घरात होते नव्हते ते कांदे संपवायचे म्हणून आईने खुर्चीत बसून सूचना देत माझ्याकडून कांदाभजी, कांद्याची थालीपीठं आणि शेवटची कोळंबी करून घेतली. खूप छान झालं सगळं. त्यामुळे मला उगाच वाटलं की जमतंय आपल्याला.

१७ तारखेला एकादशी झाली आणि १८ पासून खरं सुरू झालं. पहिले पाच दिवस बटाटा, भेंडी, बटाटा, कोबी, फ्लॉवर. सहाव्या दिवशी बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे. "आज काय रांधलंस?" कोबी म्हटल्यावर काही न बोलता चपला घालून खाली गेले ते तासाभराने आले. कुठे गेले होते ते कुणी विचारलं नाही.

माझी अडचण भाजी करण्याची नव्हतीच. यूट्यूब लावलं की कुठलीही भाजी होते. अडचण ही की सकाळी अकराला मी फ्रीज उघडून विचार करायला लागायचो आज काय, आणि अकराला ज्या गोष्टी शक्य असतात त्या म्हणजे बटाटा, भेंडी, कोबी, फ्लॉवर. मासेवाल्याचं बरं असतं, मासा आणला की तासाभरात जेवण, काय करायचं ते मासाच ठरवतो. शाकाहारी घरातलं चांगलं जे जे काही आहे ना, उसळ, बिरडं, आंबोळी, वडे, ते आदल्या दिवशी सुरू झालेलं असतं. काही तर आदल्याच्या आदल्या दिवशी. हे मला चाळीस वर्षं जेवूनही माहीत नव्हतं, कारण मी झोपलेलो असताना आई भिजत घालायची.

मग उत्साहात मटकी भिजवली. रात्री भिजवली, सकाळी फडक्यात बांधली, डब्यात ठेवली, वर झाकण घट्ट. पावसाळी दमट हवा, त्यात तीन मीटिंगा, विसरलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाकण उघडलं तर बुळबुळीत आणि वास असा की लेक नाक धरून बाल्कनीत. पाऊण किलो गेली. आईने सांगितलं ते इथे लिहितो: भिजलेलं कडधान्य दोनदा धुवायचं, चाळणीत पूर्ण निथळू द्यायचं, मग फडक्यात, आणि ती पुरचुंडी चाळणीतच ठेवायची, हवा लागली पाहिजे. पावसाळ्यात मोड लवकर येतात, मोड दिसले की फ्रीजमध्ये, वाट बघायची नाही.

२८ जुलैला, रविवारी, आई, मी आणि एक वही. रेसिपी नाही लिहिल्या. आठवड्याचे वार मांडले आणि प्रत्येक वारासमोर दोन रकाने, आज काय शिजणार आणि आज काय भिजणार. दुसरा रकाना महत्त्वाचा. सोमवारी रात्री मूग, बुधवारी जेवायला. बुधवारी रात्री काळे वाटाणे, गुरुवारी जेवायला, कारण त्यांना मोड लागत नाहीत. गुरुवारी रात्री वाल, शनिवारी बिरडं, कारण शनिवारी सोलायला माणसं घरी असतात. शुक्रवारी रात्री आंबोळीचं पीठ. मंगळवार पालेभाजी, कारण मंगळवारी सकाळी स्टेशनजवळ कर्जत-मुरबाडकडच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात. रविवार काहीही. फोनमध्ये रोज रात्री साडेनऊचा अलार्म लावला, नाव ठेवलं 'भिजव'. तो अलार्म अजून आहे.

वालाचं सांगतो कारण मला त्यात सगळ्यात जास्त मजा आली. शनिवारी सकाळी मोड आलेले कडवे वाल कोमट पाण्यात घातले, परात मध्ये ठेवली आणि आम्ही चौघं भोवती. आईचा डावा हात. वालाचं बूड अंगठा आणि बोटात धरून हलकेच दाबायचं, दाणा सटकन बाहेर, साल हातात. मला दाबता येईना, दाणा चिरडायचा नाहीतर उडून टीव्हीखाली. आई डाव्या हाताने माझ्या दुप्पट वेगाने, न बघता, सीरियलचा रिपीट बघत. पाव किलो वाल सोलायला आम्हाला पन्नास मिनिटं लागली, त्यातले बारा-पंधरा दाणे टीव्हीखाली. फोडणीला हिंग, हळद, कढीपत्ता, वर गूळ, आमसूल, भरपूर ओलं खोबरं. कांदा नाही, लसूण नाही, कुणाला आठवलाही नाही. त्या दिवशी बाबा खाली गेले नाहीत.

काळ्या वाटाण्यांचं सांबारं मात्र दोनदा फसलं. दहा तास भिजवून पाच शिट्ट्या, तरी दाताखाली कचकच. शेवटी चौदा तास आणि आठ शिट्ट्या, नंतर बारीक गॅसवर पंधरा मिनिटं. वाटणाला ओलं खोबरं तव्यावर तांबूस होईपर्यंत, धने, बडीशेप, दोन लवंगा, मिरी, बेडगी मिरची, आणि कांद्याची जागा भरायला खोबरंच थोडं जास्त. घरच्या मालवणी मसाल्यात आमच्याकडे कांदा-लसूण नसतो त्यामुळे तो चालला. विकतचा मसाला घेत असाल तर पाकिटाची मागची बाजू वाचा. हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, एवढंच. त्यात लसूण नाही असं तो ठिपका म्हणत नाही. मी सांबार मसाला, फरसाण, टोमॅटो सॉस, अगदी लेकीच्या नूडल्स, सगळ्याची मागची बाजू वाचत दुकानात पाऊण तास उभा होतो, दुकानदाराला वाटलं मी अन्न खात्याचा माणूस आहे.

मधे गॅस. रोज कुकरला आठ शिट्ट्या म्हटल्यावर जो सिलिंडर पंचेचाळीस दिवस जायचा तो एकतिसाव्या दिवशी संपला. बुकिंग केलं तर एजन्सीतून फोन, केवायसी बाकी आहे. कनेक्शन आईच्या नावावर. गेलो आधार कार्ड घेऊन, तर म्हणे ज्यांचं नाव त्यांनीच यायचं, अंगठा लागेल. म्हटलं हात फ्रॅक्चर आहे. "मग बरा झाल्यावर या." तोपर्यंत काय चुलीवर करू? दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, या वेळी दुसरा माणूस होता, त्याने शांतपणे सांगितलं की कंपनीच्या ॲपवरून चेहरा स्कॅन करून घरबसल्या होतं. झालं पण, चौथ्या प्रयत्नात, आईला चष्मा काढून खिडकीकडे तोंड करून बसवल्यावर. सिलिंडर चार दिवसांनी आला, तोवर इंडक्शन आणि शेजारच्या काकूंची शेगडी. घरातल्या वयस्कर माणसाच्या नावावर गॅस असेल तर हे काम आधीच उरकून ठेवा.

आता पोषणाचं. हाताच्या चेकअपला डॉक्टरांना आईने सहज सांगितलं की पायाला मुंग्या येतात. त्यांनी बी१२ आणि डी तपासायला सांगितलं. घरी येऊन रक्त नेलं, दोन्ही मिळून १,४५० रुपये, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर. बी१२ १६८, डी १४, दोन्ही कमी. मला वाटलं झालं, आपल्या शाकाहारी प्रयोगाने दोन आठवड्यांत आईचं वाटोळं केलं. डॉक्टर हसले. शरीरातला बी१२चा साठा असा पंधरा दिवसांत संपत नाही, आई मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी अकरा वर्षं घेतेय, त्या गोळीने आणि वयाने बी१२ कमी होतं, मासे खाऊनही ते कमीच होत आलं असणार. पण पुढे चार महिने फक्त शाकाहार म्हटल्यावर ते भरून निघणं अजून अवघड, कारण भाज्या-डाळींत बी१२ नसतंच म्हणा, जे काय थोडं मिळतं ते दूध-दह्यातून. गोळ्या दिल्या. कुठल्या ते लिहीत नाही, तुमचं तुमच्या डॉक्टरला विचारा, पण शाकाहारी असाल तर एकदा तपासून घ्या.

डी-व्हिटॅमिनची जेलची कॅप्सूल दिली होती, केमिस्टने स्वतःहून सांगितलं की कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असतं, चालेल का? जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून. डॉक्टरांना फोन करून पावडरची पुडी घेतली. नंतर मी वाचलं की डी३ बहुतेक करून मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून बनवतात. हे मी आईला अजून सांगितलेलं नाही, मेंढी जिवंत असते तेव्हा चालत असावं.

आणि प्रोटीन. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आकड्याप्रमाणे किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम. आईचं वजन ५८, म्हणजे दिवसाला ४८ ग्रॅम. वहीत हिशोब मांडला. आमच्याकडच्या पातळ वरणाच्या एका वाटीत कोरडी डाळ पडते जेमतेम वीस ग्रॅम, म्हणजे प्रोटीन चार-साडेचार. मी आजवर समजत होतो की वरण खाल्लं की झालं! पोळी, भात यांतूनही थोडं थोडं मिळतं ते धरलं तरी आई तिशीतच अडकत होती. मग वरण घट्ट केलं, उसळीची वाटी मोठी, दुपारी दही, संध्याकाळी मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे, आठवड्यातून दोनदा पनीर, आणि थालीपिठाच्या पिठात सोयाबीनचं पीठ. त्यावर चाळिशी गाठली, काही दिवस पंचेचाळीस. जेवणानंतरचा लगेचचा चहा तासभर पुढे ढकलला आणि पालेभाजीवर लिंबू, लोह अंगी लागावं म्हणून. चहावरून बाबांशी भांडण झालं, ते वेगळं.

एकादशीला आईचा उपास, शुगर असताना साबुदाण्याची खिचडी म्हणजे आणखीच गंमत. डॉक्टरांशी बोलून दूध, शेंगदाण्याची आमटी, थोडी वरी, काकडी आणि वेळेवर गोळी असं ठरवलं. तिला खरं तर ते जुने नियमही पाळायचे होते, श्रावणात पालेभाजी नाही, भाद्रपदात दही नाही, आश्विनात दूध नाही, कार्तिकात डाळ नाही. चारही ऐकल्यावर मी वही मिटून ठेवली. बी१२चा रिपोर्ट समोर धरला तेव्हा दही-दूध वाचलं. पालेभाजीवर तडजोड झाली, ती खाणार नाही, आम्ही खाणार.

पालेभाजीतही मी माती खाल्लीच. अळूचं फदफदं केलं, डाळ-दाणे सगळं बरोबर, चिंच विसरलो. लेकीने दोन घास घेतले आणि घसा धरून रडायला लागली, बाबांचाही घसा खवखवायला लागला. सगळ्यांना आमसुलाचं पाणी. अळूत चिंच किंवा आंबट चुका हवाच, आणि चिरताना हाताला तेल. टाकळा आणि कंटोळी मात्र जमली, आणि स्टेशनवरच्या त्या मावशींनी भारंगीचं सांगितलं की उकळून पाणी फेकायचं, नाहीतर कडू.

१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा, श्रावणी सोमवारही. त्या दिवशी प्लास्टर निघालं. हात बारीक झालेला, कातडी सुकलेली, आई कितीतरी वेळ तो हात उलटसुलट करून बघत होती. मला वाटलं सुटलो. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, अजून दीड महिना पिळणं, लाटणं, जड उचलणं बंद. १२ सेशन, एकेक ४०० रुपये. कणीक मळणं हा नंतरचा व्यायाम आहे, असं तिने सांगितल्यावर आईने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. घरी येऊन नारळीभात केला, गुळाचा पाक पुढे गेला, भात दगड झाला. खाल्ला.

तोवर बाबांची कुरकुर कमी झाली होती, त्याला कारण निरफणस. दादरच्या मंडईतून १२० रुपयांना एक आणला. जाडसर कापं, मीठ, हळद, तिखट, आगळ (कोकमाचा अर्क) लावून अर्धा तास, मग तांदळाचं पीठ आणि रव्यात घोळवून तव्यावर. तव्यावर पडल्यावर जो आवाज आणि जो वास येतो तो सुरमईचाच. बाबा हॉलमधून उठून आले. सात कापं खाल्ली, सोलकढी दोन वाट्या (मिरची-आल्याची, बिनलसणाची). "काटो नाय, तेवढाच बरा," म्हणाले. नंतर खतखत्यात, म्हणजे आमच्याकडच्या मिश्र भाजीत, तिरफळं ठेचून घातली तेव्हा तर म्हणाले, बांगड्याच्या साराचा वास येतोय, म्हणजे माशाचा वास माशाचा नसतोच, तिरफळाचा असतो. बी काढून टाकायची हं तिरफळाची, टरफलच घालायचं.

८ सप्टेंबरला ऋषीपंचमी, त्या दिवशीच्या ऋषीच्या भाजीचं सामान आदल्या दिवशी गणपतीच्या गर्दीत आणायला गेलो आणि अडीचशे रुपये मोजले. अळू, सुरण, लाल भोपळा, लाल माठ, मका, दोडका, फोडणी नाही, मसाला नाही. मला वाटलं होतं बेचव लागेल. दुसऱ्या दिवशी शिळी खाल्ली ती जास्त चांगली लागली.

खर्चाचं बरेच जण विचारतात. मासे-मटणाचे महिन्याला सहा-साडेसहा हजार वाचले. भाजी १,८०० ने वाढली, पावसात कोथिंबिरीची जुडी पन्नास. तूरडाळ तेव्हा १८० रुपये किलो. दूध-दही-पनीर दीड हजाराने वर. नारळ! महिन्याला पंचवीस-तीस नारळ. पोळ्या धरल्या, महिन्याला ४,३०० च्या वर, तर उलट जास्तच झाले. त्यामुळे शाकाहार स्वस्त पडतो हे ज्याला स्वतः पोळ्या येतात त्याने बोलावं.

नवरात्रानंतर आईने हळूहळू ओटा परत घ्यायला सुरुवात केली. आधी फोडणी, मग वाटण. दिवाळीत चकलीच्या सोऱ्याला मात्र हात लावू दिला नाही मी. भिजवण्याचं काम माझ्याकडेच राहिलं.

१२ नोव्हेंबरला कार्तिकी. ११९ दिवस. वांगं आईने चंपाषष्ठीपर्यंत लांबवलं, खंडोबाला भरीत दाखवून मगच, पण बाकी मोकळं. १३ तारखेला सकाळी सात वाजता बाबा सुरमई घेऊन दारात, पिशवीतून पाणी गळतंय, चेहरा दहावी पास झाल्यासारखा. मी स्वयंपाकघरात गेलो तर ओट्यावर चाळणीखाली पातेलं. आदल्या रात्री साडेनऊला अलार्म वाजला होता आणि मी सवयीने काळे वाटाणे भिजत घातले होते, अर्धा किलो, टम्म फुगलेले.

आईने सुरमई धुऊन, मीठ-हळद लावून फ्रीजमध्ये ठेवली. "संध्याकाळी बघू. भिजलेले वाटाणे काय टाकायचे आहेत?"

बाबा चपला घालून खाली गेले.